येताना सूप घेऊन या

अम्माचा उजवा अंगठा दुखायला लागला तेव्हा मी नववीत होते. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, नेमका तिथं. आधी तिनं बामावर निभावलं, मग चिंधी घट्ट बांधून. अंगठा हलला की डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा कुठं बापू तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. मी सोबत होते. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "पंधरा दिवस या हाताला पूर्ण आराम." अम्मानं मान डोलावली. घरी आली, भिजवून ठेवलेली विडीची पानं बघितली, सुकून जातील म्हणाली आणि विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसली.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, अशोक चौकापासून जवळच. घरात तेलुगू, शाळेत मराठी. बापू यंत्रमागावर टॉवेल विणायचे, अम्मा विड्या वळायची. विडीची मजुरी हजाराच्या हिशेबानं मिळते. तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर धरून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, असं हजार वेळा केलं की एक हिशेब पुरा. आणि यातल्या प्रत्येक पायरीला अंगठा लागतोच. डॉक्टरांनी सांगितलेला उपाय चुकीचा नव्हता, हे आज मीही मान्य करते. पण आमच्या घरात तो चालणारा नव्हता. हात थांबला तर घर थांबत होतं, आणि तो हात दिवसभर काय करतो हे तिथं कुणी विचारलंच नव्हतं.

मी फिजिओथेरपिस्ट झाले त्याची सुरुवात मी इथून धरते. अर्थात तेव्हा फिजिओथेरपी हा शब्दही मला माहीत नव्हता. शाळेनं आम्हाला भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर बघायला नेलं होतं. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले सोलापूरचे डॉक्टर, १९४२ मध्ये तिथंच वारले, वय अवघं बत्तीस. त्या घरात फिरताना अंगावर काटा आला होता. डॉक्टर व्हायचं तर असं, आणि त्यासाठी एमबीबीएस करायचं, एवढंच मनात पक्कं बसलं.

बारावीला २०१६ साली सीईटी दिली. मार्क एमबीबीएसच्या जवळपासही नव्हते. त्या उन्हाळ्यात बापूंच्या कारखान्यातल्या एका सोबत्याला लकवा मारला, उजवी बाजू गेली. त्यांच्या घरच्या मावशींना तेलुगूशिवाय काही येत नव्हतं, म्हणून सिव्हिलला कागद वाचायला, बोलायला मी त्यांच्याबरोबर जायचे. तिथल्या फिजिओथेरपी विभागात एक मॅडम होत्या. त्या मामांसमोर बुटक्या स्टुलावर बसल्या, त्यांचे दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकवले, आपल्या दोन गुडघ्यांनी त्यांचा लुळा गुडघा पुढून अडवून धरला आणि म्हणाल्या, "मामा, पुढं वाका. नाक पायाच्या बोटांच्या पुढं गेलं पाहिजे. आता उठा." आम्ही सगळे घरी त्यांना काखेत हात घालून वर ओढत होतो. इथं कुणी ओढलं नाही. मामा उठले. पाय थरथरत होता, पण उभे राहिले. मावशी तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मी मात्र त्या मॅडमच्या गुडघ्यांकडं बघत होते. एवढंसं बळ, पण नेमक्या जागी लावलेलं.

बाहेर पडताना मी त्यांना विचारलं, "मॅडम, हे शिकायला किती मार्क लागतात?" त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं: बीपीटीएच, चार वर्षं अधिक सहा महिने इंटर्नशिप, विद्यापीठ नाशिकचं आरोग्य विज्ञान. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

पुढचं वर्ष लातूरला रिपीटर म्हणून काढलं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही. कॉट बेसिस, मेसचा डबा, सकाळपासून रात्रीपर्यंत क्लास आणि टेस्ट. २०१७ ला नीट दिली. फॉर्म भरताना पहिली पसंती फिजिओथेरपीला दिली, तर घरात वादळ उठलं. काका म्हणाले, मालिश शिकायला साडेचार वर्षं कशाला घालवायची? बापू काही बोलले नाहीत. ते मामांना रोज भेटायला जात होते, काठी टेकत स्वतःच्या पायानं न्हाणीघरापर्यंत जाताना त्यांनी मामांना बघितलं होतं.

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांत जागा थोड्या. मुंबईत केईएम, सायन, नायर, तिकडे नागपूर, अशी बोटांवर मोजण्याइतकी कॉलेजं. माझा नंबर लागला तो सोलापूरपासून पाच तासांवरच्या एका खासगी कॉलेजात. फीचा आकडा ऐकून अम्मा गप्प बसली. पण आम्ही पद्मशाली, विशेष मागास प्रवर्गात येतो, त्यामुळे फीचा मोठा भाग शिष्यवृत्तीतून सुटला. शिवाय विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार कल्याण खात्याची शिष्यवृत्ती आहे. ही गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण आमच्याच गल्लीत ती कित्येकांना माहीत नव्हती. त्यासाठी अम्माचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागलं. पत्र्याच्या पेटीत, साडीच्या घडीखाली ठेवलेलं ते कार्ड तिनं पदरानं पुसून माझ्या हातात दिलं. ज्यांच्या घरी असं कार्ड आहे त्यांनी ते हरवू देऊ नये, नूतनीकरण करून ठेवावं आणि मुलांचे फॉर्म मुदतीत भरावेत. आमच्यात मुली मागं राहतात त्या बऱ्याचदा मार्कांमुळे नाही, कागदांमुळे.

पहिलं वर्ष म्हणजे शरीररचना आणि इंग्रजी, दोन्ही एकदम अंगावर आलं. मराठी माध्यमाच्या मुलीला हाडांची नावं पाठ करताना रडू यायचं. सगळ्यात छळलं ते ब्रेकियल प्लेक्सस या प्रकरणानं. मानेच्या मणक्यांतून पाच मुळं निघतात, त्यांचे तीन बुंधे होतात, बुंध्यांचे सहा फाटे, फाट्यांच्या पुन्हा तीन दोऱ्या आणि त्यातून हाताच्या पाच मुख्य नसा. परीक्षेत हे रेखाटून दाखवायचं असतं. मला काही केल्या ते जमेना. दिवाळीला घरी आले तेव्हा वहीत तेच काढत बसले होते. बापूंनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे तर मागावरच्या ताण्यासारखं दिसतंय." मी त्यांना समजावून सांगितलं: कुठली नस दुखावली तर कुठलं बोट हलत नाही, कुठली कातडी बधिर होते. त्यांनी लगेच ओळखलं. कापडावर जिथं खोट दिसते तिथून बोट मागं मागं न्यायचं, तुटलेला धागा सापडतो. तीस वर्षं ते हेच करत आले होते. त्या दिवसापासून मी तो नकाशा उलटा वाचायला लागले, बोटाकडून मानेकडे. पुन्हा कधी विसरले नाही. आजही हाताला मुंग्या येतात म्हणून कुणी आलं की मी आधी विचारते, कुठल्या बोटांना? आणि तिथून मागं जाते.

तिसऱ्या वर्षी अस्थिरोगाच्या तासाला एक आजार शिकवला. अंगठा बाहेर ओढणाऱ्या दोन स्नायूबंधांचं आवरण मनगटाच्या कडेला सुजतं. १८९५ साली स्वित्झर्लंडच्या द कर्व्हां नावाच्या सर्जननं त्याचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला मिळालं. तपासायची रीत सोपी आहे: अंगठा मुठीत मिटायचा आणि मूठ करंगळीच्या दिशेला वाकवायची. सरांनी ती करून दाखवली आणि माझ्या डोळ्यांपुढं अम्माचा हात आला. मनगटाच्या कडेचा तोच उंचवटा. २०१९ च्या दिवाळीत घरी आल्या आल्या, चप्पलसुद्धा न काढता, मी अम्माला म्हटलं, अंगठा मुठीत घे. मूठ जरा वाकवली न वाकवली तोच ती कळवळून ओरडली. "नोप्पी, नोप्पी" करत हात ओढून घेतला. सहा वर्षं ती हे दुखणं घेऊन रोज हजार विड्या वळत होती.

आता मला नाव माहीत होतं, उपाय माहीत होते, आणि पुस्तकात पहिला उपाय लिहिला होता: विश्रांती. मी पुन्हा त्या डॉक्टरांच्या खुर्चीत येऊन बसले होते. त्या रात्री मी तिच्यासमोर वही घेऊन बसले आणि तिला विडी वळताना पहिल्यांदा नीट बघितलं. लहानपणापासून बघत आले होते, पण असं कधी नाही. कात्री चालवताना अंगठा कसा ताणला जातो, सूप मांडीत खोल बसल्यामुळे मनगट कसं खाली मोडून राहतं, मान किती वाकते. मग आम्ही दोघींनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. मांडीवर उशी घेऊन सूप चार बोटं वर आणायचं. कात्रीच्या कड्यांना कापडाची जाड पट्टी गुंडाळायची. कापायचं काम एका बैठकीत न उरकता मध्ये मध्ये वळण्याचं घ्यायचं, म्हणजे हाताची तीच हालचाल सलग होणार नाही. पंचवीस विड्यांचा कट्टा बांधून झाला की हात सोडायचा, अंगठा सावकाश फिरवायचा. रात्री झोपताना अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट. सिव्हिलला दाखवून एक इंजेक्शनही घ्यावं लागलं. तीन-एक महिन्यांत ठणका गेला. पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही, काम तेच आहे. पण भाकरी थापताना तिचा हात अडायचा थांबला.

मग करोना आला. कॉलेज बंद, कारखाने बंद, माग बंद. पूर्व भागात इतकी शांतता मी जन्मात अनुभवली नव्हती, बापूंना तर झोपच लागायची नाही. हातानं शिकायची विद्या आम्ही मोबाइलच्या पडद्यावर शिकलो. खांद्याचा सांधा कसा धरायचा, गुडघ्याची वाटी कशी सरकवायची, हे सगळं मी धाकट्या भावावर करून बघितलं. त्यानं तक्रार केली नाही, हे त्याचे उपकार. तरी सांगते, दुसऱ्या माणसाच्या अंगाचं वजन आपल्या हातावर घेणं पडद्यावरून कळत नाही. ती उणीव इंटर्नशिपमध्ये भरून काढावी लागली.

इंटर्नशिपचे सहा महिने २०२२ मध्ये झाले. त्यातल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

एक म्हातारे गृहस्थ होते, जुना मधुमेह, पाय दुखतो म्हणून पाठवलेले. शेक द्यायचा होता. आमच्याकडे शेकासाठी हॉट पॅक असतात, ७५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवलेले. ते बाहेर काढून टॉवेलच्या सहा-आठ घड्यांत गुंडाळून ठेवायचे. त्याआधी पेशंटला डोळे मिटायला सांगून एक गरम आणि एक गार नळी कातडीला लावून विचारायचं, काय लागतंय? मधुमेहात पायाची जाणीव गेलेली असू शकते, आणि भाजतंय हे माणसाला कळतच नाही. पहिल्या वर्षापासून हे शिकवतात. त्या दिवशी बाहेर वीसेक माणसं खोळंबली होती. मी ती तपासणी केली नाही. दोन मिनिटांनी विचारलं, "आजोबा, जास्त गरम नाही ना?" ते म्हणाले, "काहीच लागत नाही बाळ, अजून चालेल." तिथंच माझ्या काळजात धस्स व्हायला हवं होतं. मी पुढच्या पेशंटकडे गेले. परत येऊन टॉवेल उचलला तर पायाच्या वर पाणी भरलेला फोड.

आमच्या सीनियर मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी मला केसपेपरवर माझ्या हातानं सगळं लिहायला लावलं आणि आजोबांना, त्यांच्या मुलाला, मीच समोर जाऊन सांगायचं असं सांगितलं. मी सांगितलं. मुलगा खूप बोलला. बोलण्याचा हक्क होता त्याला. तीन आठवड्यांहून जास्त ड्रेसिंग चाललं, रोज मी जाऊन बसायचे. जखम भरली, ते नशीब. मधुमेह्याच्या पायाची जखम कुठवर जाऊ शकते हे मी वॉर्डात बघितलं होतं. तेव्हापासून माझ्या टेबलावर त्या दोन नळ्या कायम असतात. बाहेर कितीही गर्दी असो, आधी नळ्या.

दुसरी गोष्ट एका बाईंची. साधारण पन्नाशीच्या, लकव्यानंतर डावा पाय हलतच नव्हता. स्नायूच्या ताकदीला आम्ही शून्य ते पाच असे अंक देतो. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे हालचाल दिसत नाही, पण बोटाखाली स्नायू फुरफुरलेला कळतो. मी रोज नडगीच्या बाहेरच्या बाजूला बोट टेकवून म्हणायचे, काकू, पाऊल वर घ्या. त्या कपाळाला आठ्या घालून जोर लावायच्या. बोटाखाली काही नाही. अकराव्या दिवशी तिथं काहीतरी हललं. मला भास वाटला. पुन्हा सांगितलं, पुन्हा हललं, पापणी लवावी इतकंच. काकूंना स्वतःला काही कळलं नव्हतं. मी त्यांचा उजवा हात धरून त्यांचंच बोट त्या जागेवर ठेवलं आणि म्हटलं, आता करा. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला लिहिता येत नाही. केसपेपरवर शून्याच्या जागी एक लिहिलं.

पदवी झाली, मुंबईला राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी झाली. भौतिकोपचार हे आमच्या विद्येचं कागदोपत्री मराठी नाव, बोलताना कुणी वापरत नाही. लोक आम्हाला 'शेकवाले' किंवा 'करंटवाले' म्हणतात. आम्ही शिकलो तेव्हा कोर्स साडेचार वर्षांचा होता. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानंतर अभ्यासक्रमात बरेच बदल होत आहेत, म्हणून नव्या मुलांनी त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी, माझ्यासारख्यांच्या सांगण्यावर राहू नये.

पहिली नोकरी एका खासगी दवाखान्यात, महिना नऊ हजार. सहा कॉट, सहा पडदे. पेशंट आला की मशीनच्या पट्ट्या चिकटवायच्या, टायमर लावायचा, पुढच्या पडद्यात जायचं. टायमर वाजला की उठवायचं. व्यायाम शिकवायला वेळ नाही, काय काम करता हे विचारायलाही नाही. करंटनं दुखणं तात्पुरतं हलकं होतं हे खरं आहे, ते यंत्र मी आजही वापरते. पण गुडघा झिजलेल्या बाईच्या मांडीचा स्नायू मशीन बळकट करून देत नाही, तो तिलाच करावा लागतो, आणि ते शिकवायला माणूस समोर बसावा लागतो. आठ महिन्यांनी मी नोकरी सोडली. घरी सांगायला चार दिवस लागले.

मग स्कूटीवरून घरोघरी जायला लागले. विजापूर रोड, जुळे सोलापूर, साखर पेठ, कुंभारीच्या विडी घरकुलापर्यंत. खरं शिक्षण तिथं झालं असं मला वाटतं. पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा तो आपलं घर बाहेर ठेवून येतो. घरी गेलं की कळतं, आजींना कॉटवरून उठायचा व्यायाम शिकवलाय, पण त्या झोपतात जमिनीवर, सतरंजीवर. संडास भारतीय, उंबरा फूटभर उंच. मग व्यायाम बदलतो. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग रांगत भिंतीपर्यंत, मग एक गुडघा वर. जमिनीवरून उठता येणं ही आमच्याकडची गरज आहे, आणि तिची तयारी जमिनीवरच करून घ्यावी लागते.

भाषेचंही तसंच. या गावात दुखण्याला चार शब्द लागतात. मराठीत दुखणं, तेलुगूत नोप्पी, कन्नडमध्ये नोवु, आणि विजापूर वेसच्या खाला म्हणतात दर्द. पण मराठीतसुद्धा सगळं दुखणं एक नसतं, आणि पेशंटचा शब्द नीट ऐकला तर निम्मं निदान तिथंच होतं. मुंग्या येतात, आग होते, बधिर वाटतं, असं कुणी म्हणालं की माझं लक्ष नसेकडे जातं. उसण भरली, लचक भरली, म्हणजे बहुधा स्नायू. कमरेतून कळ निघते आणि पोटरीपर्यंत जाते, म्हणजे मणका तपासायचा. रात्री ठणकतं, झोप लागत नाही, कुशीवर वळता येत नाही असं कुणी खांदा धरून सांगितलं की मी विचारते, साखर आहे का? मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. बायका सांगतात, मॅडम, वेणी घालता येईना. पुरुष सांगतात, मागच्या खिशातलं पाकीट काढता येईना. खांद्याची बाहेर फिरण्याची हालचाल आधी जाते, ती वेणी घालताना लक्षात येते; आत फिरण्याची अडली की पाकिटापर्यंत हात पोचत नाही. कोनमापकानं मोजून मी लिहून ठेवते, आज वीस अंश, पुढच्या आठवड्यात पंचवीस. आखडलेला खांदा सुटायला वर्ष, दीड वर्षसुद्धा लागतं. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर माणूस पंधरा दिवसांत खचतो.

खचण्यावरून आठवलं. लकव्याचा एक पेशंट, चाळिशीचा रिक्षावाला, दोन आठवडे छान चालला होता. मग नातेवाईक त्याला कुठल्या तरी गावी औषधाला घेऊन गेले. तीन महिन्यांनी परत आणला तेव्हा हात कोपरात घट्ट मिटलेला, मूठ उघडेना. पहिल्या तीन महिन्यांत मेंदू जितकं परत शिकतो तितकं पुढं शिकत नाही, तो काळच निघून गेला होता. मी नातेवाइकांवर चिडले नाही, चिडून काय होणार? पण तेव्हापासून लकव्याच्या घरी पहिल्या दिवशीच सगळ्यांना बसवून हे सांगते. तुम्हाला कुठं जायचं असेल तर जा, देवाला जा, औषधाला जा, पण व्यायाम एक दिवससुद्धा थांबवू नका.

दीड वर्षापूर्वी आमच्याच भागात तळमजल्यावरची एक खोली भाड्यानं घेतली. एक कॉट, एक मशीन, भिंतीला लोखंडी कड्या आणि जमिनीवर मोठी चटई. मागाची पाळी सुटते त्या वेळेला दवाखाना उघडा ठेवते. पाण्याच्या दिवशी पेशंट येत नाहीत, हे शिकायला मला महिना लागला. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं, त्या दिवशी बाईमाणूस घर सोडत नाही. आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून चौघी-पाच जणी हजर. म्हणून आता पाणी यायच्या आदल्या दिवशीच सांगते: घागर अर्धी भरा, खेप एक जास्त होऊ द्या. उचलताना अंगाला लावून उचला. वाकून पिळ खाऊ नका, आधी पाय वळवा. सोपं आहे. दोघी-तिघींची कंबर तेवढ्यानंच सावरली.

आणि विडीवाल्या बायकांना फोनवरच सांगते, येताना सूप घेऊन या. पहिल्यांदा त्यांना ते विचित्र वाटतं. दवाखान्यात कशाला सूप?

मागच्या महिन्यात एक अक्का आल्या, मनगट सुजलेलं. चटईवर बसवलं, सूप मांडीवर, सुपाखाली उशी, मला जे जे माहीत होतं ते सगळं करून दिलं. तरी वळताना त्यांचा चेहरा आक्रसत होता. मी समोर बसून एक पूर्ण कट्टा वळेपर्यंत बघितलं आणि मग दिसलं. त्यांना कळ वळताना येत नव्हती, दोरा गुंडाळताना येत होती. रीळ उजव्या गुडघ्याच्या पलीकडे ठेवलेलं, दर वेळी दोऱ्यासाठी मनगट बाहेर मोडत होतं. मी रीळ उचलून समोर ठेवलं. त्यांना जमेना, सवय नव्हती.

दुपारची वेळ होती, अम्मा माझा डबा घेऊन आली होती. दारातच उभी राहून ती बघत होती. तिनं डबा खिडकीत ठेवला, चटईवर अक्कांशेजारी बसली आणि तेलुगूत म्हणाली, मेल्लगा, घाई करू नकोस, हे बघ. तिनं रीळ पायांच्या मध्ये घेतलं, दोरा मधल्या बोटावरून आणला आणि मनगट सरळ ठेवून विडी बांधली. अक्कांनी तिच्या हाताकडं बघितलं, मग आपल्या. दुसरं पान घेतलं.

मी केसपेपर पुढं ओढला आणि अम्मा बोट कुठून कसं नेते ते लिहून घ्यायला लागले.